फेडरल कोर्ट, स्टेट कोर्ट आणि कालनिर्णयवर लिहिलेले माझे तास

परवा २ डिसेंबरला माझ्या बुडालेल्या ओव्हरटाइमचा चेक बँकेत जमा झाला. ५,९०० डॉलर. पहिला कागद कोर्टात दिला होता १२ फेब्रुवारी २०२४ ला, म्हणजे जवळजवळ बावीस महिने गेले. या काळात मी तीन वेगवेगळ्या कोर्टांच्या खिडक्यांवर उभी राहिले आणि तिन्ही ठिकाणी मला पहिल्यांदा हेच कळत नव्हतं की माझं नेमकं कुठलं म्हणणं इथे ऐकून घेणार आणि कुठलं नाही. मी वकील नाही, चूकभूल असू शकते, पण तेव्हा मराठीत कोणी हे सांगितलं असतं तर माझ्या निदान काही रात्री तरी नीट गेल्या असत्या, म्हणून सगळं क्रमाने लिहितेय.

आम्ही पेनसिल्व्हेनियात एक्स्टनच्या जवळ राहतो. सप्टेंबर २०२१ ते जानेवारी २०२३ मी एका छोट्या टिफिन आणि केटरिंगच्या किचनमध्ये कामाला होते. पोळ्या, भाज्या, डबे भरणं, सगळंच. कामाचं परमिट होतं. तासाला १५ डॉलर ठरले होते. आठवड्याला ४० तासांच्या वर काम झालं तर दीडपट, म्हणजे साडेबावीस, द्यायला हवे हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. चोपन्न-पंचावन्न तास भरायचे आणि पैसे १५ नेच मिळायचे. शिवाय २०२२ च्या दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी प्रचंड होत्या, तेव्हा मालकांनी आपणहून सांगितलं होतं की एवढा सीझन काढून द्या, डिसेंबरअखेर २,५०० डॉलर बोनस देतो. तो आला नाही. मेसेज मात्र माझ्या फोनमध्ये होता.

माझ्या आईची सवय होती, कालनिर्णयच्या चौकटीत दुधाचे लिटर लिहायचे आणि महिनाअखेर गवळ्याबरोबर हिशोब करायचा. मी तसेच माझे तास लिहायचे. सकाळी ७ ते ६॥, मधे जेवण अर्धा तास. कोर्टाबिर्टाचा विचार करून नाही, नुसती सवय म्हणून. पुढे तोच सगळ्यात मोठा पुरावा ठरला. मालकाने तासांची नोंद ठेवली नसेल तर कामगाराचा वाजवी अंदाजसुद्धा कोर्ट धरतं, हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९४६ सालीच मातीच्या भांड्यांच्या एका कारखान्याच्या खटल्यात सांगून ठेवलंय. तर कुठेही तासावर काम करत असाल तर रोज दोन आकडे लिहून ठेवा, कागदावर, आपल्या हाताने.

हिशोब केला तेव्हा ६२ आठवडे भरले, ८६८ तास जादा, तासाला साडेसात डॉलर कमी मिळालेले, म्हणजे ६,५१० डॉलर.

जानेवारी २०२४ मध्ये एका वकीलबाईंकडे तासाभराचा सल्ला घेतला, २७५ डॉलर. केस त्या घेणार नव्हत्या, रक्कम लहान होती, पण तासभर त्यांनी मनापासून समजावलं. ओव्हरटाइमचा एक फेडरल, म्हणजे केंद्राचा, कायदा आहे १९३८ चा, फेअर लेबर स्टँडर्ड्स अ‍ॅक्ट, त्यात बुडालेली रक्कम आणि तेवढीच वर दंड म्हणून मिळू शकते. दावा लावायची मुदत दोन वर्षं, आणि मालकाने जाणूनबुजून केलं असं सिद्ध झालं तर तीन. दुसरा पेनसिल्व्हेनियाचा स्वतःचा किमान वेतनाचा कायदा, त्यातही ४० तासांवर दीडपटच, मुदत तीन वर्षं, पण दुप्पट नाही. आणि बोनससाठी तिसरा, राज्याचाच, ठरलेला पगार न दिल्याबद्दलचा. मुदत केस टाकेपर्यंत पुढे सरकतच राहते, म्हणजे तुम्ही विचार करत बसलात की दर आठवड्याला मागचा एक आठवडा गळून पडतो. हे ऐकून मी त्याच महिन्यात कागद करायला बसले.

इथे माझा पहिला गोंधळ झाला. फेडरल कोर्ट म्हणजे वरचं, मोठं कोर्ट असा माझा समज. तसं नाहीये. ते मोठं नाही, वेगळं आहे. आणि त्याचा अधिकार मोजका आहे. एकतर तुमचं भांडण फेडरल कायद्याखाली पाहिजे, नाहीतर दोन्ही बाजू वेगवेगळ्या राज्यांच्या आणि रक्कम ७५ हजार डॉलरच्या वर पाहिजे. आम्ही दोघंही पेनसिल्व्हेनियाचे, रक्कम ही एवढीशी, म्हणजे दुसरा रस्ता बंदच. राहिला पहिला, फेडरल ओव्हरटाइमचा. मग राज्याच्या कायद्याखालचे माझे दोन दावे तिथे जाणार कसे?

तर त्यासाठी १३६७ नावाचं कलम आहे. त्याला सप्लिमेंटल ज्युरिस्डिक्शन म्हणतात. फेडरल दावा कोर्टात आला की त्याच्याशी घट्ट जोडलेले राज्याच्या कायद्याचे दावेसुद्धा ते कोर्ट ऐकू शकतं, एरवी त्याला ते ऐकायचा अधिकार नसला तरी. घट्ट म्हणजे किती, तर सगळ्यांच्या मुळाशी एकच घटना पाहिजे. हे माप १९६६ च्या गिब्ज खटल्यातून आलं, टेनेसीतली कोळशाची खाण, युनियनशी भांडण आणि त्यात काम गेलेला एक माणूस.

मी हे मामांना फोनवर सांगितलं. मामा कराडला चाळीस वर्षं वकिली करत होते. ते म्हणाले, "अगं पण दोन कोर्टं कशाला? आपल्याकडे केंद्राचा कायदा असो की राज्याचा, दिवाणी न्यायाधीश एकच." मी म्हटलं, "मामा, इथे राज्याची कोर्टं वेगळी आणि केंद्राची वेगळी, अगदी खालपासून." थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे फेडरल दावा हा नवरदेव. राज्याचे दावे हे वऱ्हाड. नवरदेवामुळे वऱ्हाडाला मांडवात प्रवेश. पण वऱ्हाड त्याच लग्नाचं पाहिजे." मग परत म्हणाले, "आणि नवरदेवच परत गेला तर वऱ्हाडाला जेवायला बसवायचं की नाही ते यजमानाच्या मर्जीवर." इतकं नेमकं मला इथल्या कुठल्याच माहितीपत्रकात मिळालं नाही. पुढे माझ्या बाबतीत दोन्ही गोष्टी घडल्या, आधी वऱ्हाडातल्या एकाला दारात अडवलं आणि मग नवरदेवच गेला.

१२ फेब्रुवारीला सोमवार होता. एक्स्टनहून सेप्टाच्या लोकलने जेफरसन स्टेशन, तिथून मार्केट स्ट्रीटने सहाव्या रस्त्यापर्यंत चालत. जेम्स बर्न कोर्टहाउस, नंबर ६०१. रस्त्यापलीकडे लिबर्टी बेल बघायला शाळेच्या पोरांची रांग लागलेली आणि मी हातात फाइल घेऊन सिक्युरिटीच्या पट्ट्यावर पर्स ठेवतेय. हात थंड पडले होते. खिडकीवरची बाई शांत होती, तिने कागद मोजले, कव्हर शीटवर एक खूण राहिली होती ती दाखवली, ४०५ डॉलर घेतले आणि शिक्का मारून प्रत परत दिली. पैशाची अडचण असेल तर फी माफीचा अर्ज तिथेच मिळतो, उत्पन्न-खर्च खरा लिहायचा, लाजू नका. समन्स पोचवायला मी माणूस लावला, ८५ डॉलर. त्यासाठी ९० दिवसांची मुदत असते पण मी वाट बघितली नाही, ५ मार्चला पोचलं.

तक्रारीत मी तिन्ही दावे लिहिले होते आणि १३६७ चा उल्लेख केला होता. तुम्हीही करा, एक ओळ पुरते, पण राज्याचे दावे फेडरल कोर्टात कशाच्या आधारावर आणलेत ते लिहिलेलं असावं.

२१ दिवसांनी समोरच्या वकिलांचा अर्ज आला. ओव्हरटाइमबद्दल काही नव्हतं, फक्त बोनसचा दावा काढून टाका म्हणून. कारण काय, तर १९९५ चा लायन खटला. डेलावेअरमध्ये अकाउंटिंगच्या ऑफिसात काम करणाऱ्या एका बाईंनी फेडरल ओव्हरटाइमबरोबर न मिळालेल्या बोनसचाही दावा लावला होता. आमच्या भागाच्या अपील कोर्टाने, थर्ड सर्किटने, सांगितलं की ओव्हरटाइम म्हणजे किती तास काम केलं, आणि बोनस म्हणजे काय ठरलं होतं, दोन्हीच्या मुळाशी घटना वेगळ्या. दोघं एकाच नोकरीतून आले एवढंच साम्य पुरत नाही. मी वाचलं आणि पोटात गोळा आला, कारण नाव बदललं तर ती माझीच केस होती.

मी उत्तर दिलं, १४ दिवसांत द्यायचं असतं. लिहिलं की दिवाळीच्या आठवड्यांत मी जे जादा तास केले तेच बोनसचं कारण होतं. मला ते आजही पटतं. कोर्टाला नाही पटलं. ऑगस्ट २०२४ मध्ये ऑर्डर आली, बोनसचा दावा अधिकाराबाहेरचा म्हणून काढला, 'विदाउट प्रेज्युडिस'. राज्याचा ओव्हरटाइमचा दावा मात्र ठेवला, कारण तेच तास, तोच पगार, तेच साक्षीदार.

'विदाउट प्रेज्युडिस' हे दोन शब्द मी नवऱ्याला पाच वेळा विचारले. अर्थ असा की तुमचं खरं की खोटं हे कोर्टाने ठरवलेलंच नाही, फक्त इथे नाही, योग्य ठिकाणी जा. पण ज्या संध्याकाळी ते पाकीट उघडलं तेव्हा मला फक्त 'डिसमिस्ड' दिसलं होतं. गॅसवर कुकर होता, शिट्ट्या होत राहिल्या आणि मी उठले नाही.

दुसऱ्या आठवड्यात बोनसचा दावा आमच्या भागातल्या मॅजिस्टीरियल डिस्ट्रिक्ट जज्जकडे टाकला. ही राज्याची सगळ्यात खालची कोर्टं, १२ हजार डॉलरपर्यंतचे दावे ऐकतात, फॉर्म दोन पानी, फी आणि नोटीस मिळून दोनशेच्या आत खर्च. फोनमधले मेसेज छापून नेले, इंग्रजीत होते म्हणून बरं. सुनावणी चाळीस मिनिटांची. २,५०० आणि वर कायद्यातले ६२५ असा निकाल लागला आणि पैसे नोव्हेंबरमध्ये आलेसुद्धा. ज्याच्यासाठी मी रडले होते तेच सगळ्यात आधी मिटलं.

इकडे फेडरल केसमध्ये कागदांची देवाणघेवाण सुरू होती. मालकांनी धंद्याचे टॅक्स रिटर्न दिले. आणि तिथे दुसरा धक्का होता. फेडरल ओव्हरटाइमचा कायदा सरसकट सगळ्या धंद्यांना लागत नाही, वर्षाची विक्री निदान ५ लाख डॉलर लागते, नाहीतर कामगाराचं स्वतःचं काम राज्याबाहेरच्या व्यापारात मोडायला लागतं. किचनची विक्री त्याच्या खाली होती. आणि मी तर एक्स्टनमधल्याच लोकांसाठी पोळ्या लाटत होते. नोव्हेंबरमध्ये त्यांनी समरी जजमेंटचा, म्हणजे खटला न चालवता कागदांवरच निकाल द्या असा, अर्ज केला. मला तेव्हाच कळलं होतं की हे जाणार. पण राज्याच्या कायद्यात ती ५ लाखांची अट नाही, म्हणजे तोच कामगार, तेच तास, एका कायद्यात बसत नाही आणि दुसऱ्यात बसतो.

वाट बघण्याचा तो हिवाळा फार वाईट गेला. रोज रात्री पेसरवर, म्हणजे फेडरल कोर्टांचे कागद बघायच्या साइटवर, केस उघडून बघायचे काही आलंय का. पानाला १० सेंट लागतात, पण तीन महिन्यांत ३० डॉलरच्या आत राहिलात तर काही भरावं लागत नाही. मी राहिले आत. त्याच काळात खूप वाचलं. त्यातली एक गोष्ट मनातून जात नाही. १९८३ मध्ये सॅन डिएगोत विमानतळाजवळ एक छोटं विमान विजेच्या तारांना धडकून पडलं, त्यात एका बाईचा नवरा आणि दोन मुलं गेली. केंद्र सरकारवर दावा फक्त फेडरल कोर्टातच लावता येत होता, आणि वीज कंपनीला त्याच खटल्यात आणायला फेडरल कोर्टाला अधिकार नाही असं १९८९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार असं ठरवलं. एकच अपघात आणि त्या माऊलीने दोन कोर्टांत दोनदा सगळं सांगायचं. त्यानंतर पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, काँग्रेसने हे १३६७ कलम केलं. मी ज्या कलमाशी झगडत होते ते मुळात कोणाचे तरी हेलपाटे वाचावे म्हणून आलंय हे कळल्यावर माझा त्याच्यावरचा राग गेला.

११ मार्च २०२५, मंगळवार. फेडरल दाव्यावर निकाल मालकांच्या बाजूने. आणि राहिलेला राज्याचा दावा कोर्ट पुढे ऐकणार नाही, तोही विदाउट प्रेज्युडिस बाहेर. कलमातच आहे, फेडरल दावा निघून गेला तर राज्याचा दावा ठेवायचा की सोडायचा हे जज्ज ठरवू शकतात, आणि आमच्या सर्किटमध्ये खटला उभा राहायच्या आधीच फेडरल दावा गेला तर सहसा सोडतातच. ऑर्डर पोस्टाने माझ्या हातात १५ तारखेला आली. दिवस मात्र ११ पासून मोजायचे, हे लक्षात ठेवा.

त्या रात्री मला एकच भीती. राज्याची मुदत तीन वर्षं. म्हणजे मार्च २०२५ ला नवीन केस टाकली तर मार्च २०२२ च्या आधीचे सगळे आठवडे गेले? पहिले सहा महिने, ज्यात सगळ्यात जास्त तास होते? वकीलबाईंना मेल केला. त्यांचं उत्तर चार ओळींचं होतं आणि मी ते छापून फ्रिजवर लावलं. १३६७ मध्येच आहे की राज्याचा दावा फेडरल कोर्टात असेपर्यंत आणि बाहेर पडल्यावर आणखी ३० दिवस मुदतीचं घड्याळ थांबलेलं असतं. आणि थांबलेलं म्हणजे खरंच थांबलेलं, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१८ मध्ये आर्टिस खटल्यात ठरवलंय. तिथे वॉशिंग्टन डी.सी.च्या एका हेल्थ इन्स्पेक्टर बाईंनी ५९ दिवसांनी राज्याच्या धर्तीच्या तिथल्या कोर्टात केस टाकली होती, खालच्या कोर्टांनी उशीर झाला म्हणून घालवलं, सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार असं त्यांच्या बाजूने दिलं. म्हणजे माझ्या सगळ्यात जुन्या आठवड्याचे केस टाकताना जे सात महिने शिल्लक होते ते तसेच शिल्लक होते.

तरी मी ३० दिवसांच्या आतच केलं, आणि तुम्हीही करा, घड्याळावर वाद घालायची वेळच येऊ देऊ नका. शिवाय बोनससारखा जो दावा मुळात अधिकारातच बसत नव्हता म्हणून काढला जातो, त्याला हे घड्याळ थांबतं की नाही यावर वाद होतो असं बाईंनी आधीच सांगितलं होतं, म्हणूनच तो मी ऑगस्टमध्ये लगेच टाकला होता. अपील करायलाही ३० दिवसच असतात, पण विक्रीचा आकडा काही बदलणार नव्हता म्हणून मी तिकडे गेले नाही.

पेनसिल्व्हेनियात आणखी एक सोय आहे. फेडरल कोर्टाने अधिकाराच्या कारणाने सोडलेला दावा नव्याने न लिहिता राज्याच्या कोर्टात बदली करून घेता येतो, फेडरल ऑर्डरची आणि आपल्या कागदांची सर्टिफाइड प्रत तिथे दाखल करायची. परत फिलाडेल्फिया, परत तीच खिडकी, पानाला ५० सेंट आणि सर्टिफिकेटचे वेगळे. ४ एप्रिलला, शुक्रवारी, ते सगळं घेऊन वेस्ट चेस्टरला काउंटी कोर्टात गेले. तिथल्या दिवाणी ऑफिसवर पाटी, प्रोथोनोटरी. मामांना सांगितलं तर फोनवरच खूश झाले, मुंबई हायकोर्टातही प्रोथोनोटरी असतात म्हणाले, त्यांच्या ऑफिसात ते तरुणपणी कागद घेऊन जायचे. का कोण जाणे, पण त्या शब्दाने मला धीर आला.

एक गोष्ट बोलायलाच हवी. फेडरल ओव्हरटाइमचा दावासुद्धा राज्याच्या कोर्टात लावता येतो. पहिल्याच दिवशी मी वेस्ट चेस्टरला गेले असते तर तिन्ही दावे एका छताखाली बसले असते. हो, मालक ३० दिवसांत केस फेडरल कोर्टात ओढून नेऊ शकले असते. पण तसं झालं तरी आता एक वाट आहे: १५ जानेवारी २०२५ ला सुप्रीम कोर्टाने, कुत्र्यांच्या खाण्यावरून मिसुरीत सुरू झालेल्या एका खटल्यात, एकमताने सांगितलं की तुम्ही तक्रार दुरुस्त करून फेडरल दावा स्वतःच काढून टाकलात तर फेडरल कोर्टाचा अधिकार संपतो आणि केस राज्याच्या कोर्टात परत जाते. तुमचा धंदेवाला छोटा असेल, विक्री ५ लाखांच्या आसपास वाटत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे, आधी राज्याच्या कोर्टाचा विचार करा. मला दुप्पट रकमेची आशा होती म्हणून मी फेडरलला गेले आणि शेवटी ती दुप्पट काही मिळाली नाही.

राज्याच्या कोर्टात ५० हजारांच्या आतले दावे आधी तीन वकिलांच्या पॅनेलपुढे जातात. आमची तारीख १६ ऑक्टोबर. मी कालनिर्णयची मूळ पानं आणि बाजूला इंग्रजी भाषांतर नेलं होतं. समोरच्या वकिलांनी विचारलं, हे सहाच्या पुढे दोन उभ्या रेघा काय आहेत, हे अकरा आहे का? मी सांगितलं, ६॥ म्हणजे साडेसहा, दोन रेघा म्हणजे अर्धा, एक रेघ म्हणजे पाव, माझी आई असंच लिहायची. पॅनेलवरच्या वयस्कर बाईंनी चष्मा काढला, पान जवळ घेतलं, बोटाने एक-एक चौकट बघत गेल्या, ऑक्टोबर २०२१, नोव्हेंबर, आणि मग मला म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही रोज लिहिलंय." मी म्हटलं, "हो, रोज."

५,९०० दिले. काही आठवड्यांचे सुट्टीचे दिवस त्यांनी वजा केले, ते बरोबर होतं. मालकांना अपीलला ३० दिवस होते, त्यांनी केलं नाही.

खर्च सगळा मिळून, सल्ला, फी, समन्स, प्रती, लोकलची तिकिटं, अकराशेच्या वर गेला, त्यातला कोर्टाचा थोडा परत मिळाला. कालनिर्णयची मूळ पानं अजून काउंटीच्या फाइलमध्ये आहेत. परत मिळायला अर्ज करावा लागतो, पुढच्या आठवड्यात जाणार आहे.